आठ चोपन्नचा चंद्र

मला दिल्लीतली द्वारका आवडत नव्हती, हे आधीच सांगून टाकते. नाव ऐकायला किती गोड! प्रत्यक्षात अठ्ठ्याण्णव साली तिथे काय होतं? धूळ. अर्धवट बिल्डिंगा, खडीचे ढीग, पाण्याचे टँकर. रिक्षावाल्याला द्वारका म्हटलं तर तो तोंडाकडे बघत बसायचा. पप्पनकलां हे जुनं नाव घेतलं की मान डोलवायचा आणि म्हणायचा, "वहाँ से खाली लौटना पड़ेगा, मैडम." अशा ठिकाणी आमच्या ह्यांनी सोसायटीत फ्लॅट घेऊन ठेवला होता. ड्रॉमध्ये चौथा मजला निघाला, सगळ्यात वरचा. लिफ्टच्या जागी नुसता खड्डा, आणि लाइटचं कनेक्शन 'अगले महीने पक्का'.

हे म्हणजे दिनकरराव. केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर. त्या डिसेंबरच्या एकतीस तारखेला रिटायर होणार होते आणि त्यानंतर चार महिन्यांत लक्ष्मीबाई नगरातलं सरकारी क्वार्टर सोडायचं होतं. पुढे कुठे जायचं हे मी कधीच ठरवून टाकलं होतं. नाशिक. माझं माहेर, माझा भाऊ, माझी गोदावरी. लग्न होऊन दिल्लीत आले तेव्हा हे म्हणाले होते, दोन-तीन वर्षांत मुंबईला बदली करून घेतो. त्या दोन-तीन वर्षांच्या भरवशावर मी सत्तावीस वर्षं काढली. कधी जड कपाट घेतलं नाही, की अंगणात तुळशीशिवाय काही लावलं नाही. भाजीवाल्याशी हिंदीत बोलायचे, पण घरात मटार हा मटारच, मटर नाही. आता जायचंच आहे, मग इथलं कशाला अंगाला लावून घ्यायचं?

ऑगस्टमध्ये ह्यांनी हळूच द्वारकेचं नाव काढलं आणि मी फटकन म्हणाले, "तुम्ही राहा तुमच्या द्वारकेत. मी एकटी जाते नाशिकला." भांडायला समोर माणूस लागतो, हे म्हणजे उशी. कितीही गुद्दे मारा, आवाज नाही. दोन दिवसांनी फ्रिजवर एका प्रॉपर्टी डीलरचं कार्ड ठेवलेलं दिसलं. मी जिंकले होते. तरी त्या रात्री मला झोप लागली नाही, का कोण जाणे.

डिसेंबरातल्या एका रविवारी संध्याकाळी पाच वाजता डीलर गिऱ्हाईक घेऊन येणार होता. ते लोक फ्लॅट बघणार, पसंत पडला की तिथल्या तिथे कागदावर सह्या, आणि विषय संपला. आता गंमत बघा, नेमकी त्याच दिवशी संकष्टी! मार्गशीर्षातली. मी संकष्टी लग्नाआधीपासून करते, एकही चुकवलेली नाही. सहापर्यंत घरी येऊ असं हे म्हणत होते, पण डीलर लोकांचा काय भरवसा? म्हणून मी मोदकांचा डबा, वरणभाताचा डबा, ताट-वाट्या, अर्घ्याचा तांब्या आणि निरांजन असं सगळं पिशवीत भरूनच निघाले.

आमच्या संकष्टीबद्दल इथे थोडं सांगायला हवं. लक्ष्मीबाई नगरात आमचं क्वार्टर तळमजल्यावर. समोर कडुनिंब, त्याच्यामागे दुसरा ब्लॉक. चंद्र आमच्या अंगणात डोकवायचा तो दहा वाजून गेल्यावर. तोवर कोण उपाशी बसणार? म्हणून आमच्या गल्लीतल्या सगळ्या मराठी बायकांची रीत ठरलेली. माझा भाऊ भाऊसाहेब दर वर्षी नाशिकहून मराठी कॅलेंडर पाठवायचा. त्याच्यात संकष्टीच्या चौकोनात चंद्रोदयाची वेळ छापलेली असते. घड्याळात ती वेळ झाली की कडुनिंबाकडे तोंड करून हात जोडायचे, आरती करायची आणि पानं घ्यायची. एकाच मिनिटाला चार घरांतून घंटा वाजायच्या. मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

ह्यांचा उपास नसे, पण माझ्याआधी जेवायचे नाहीत. थंडीतल्या संकष्टीला आठ वाजले की ह्यांच्या येरझारा सुरू. स्वयंपाकघर, अंगण, स्वयंपाकघर. मध्येच आभाळाकडे बघायचे, मध्येच पाणी प्यायचे. पित्ताचा त्रास होता ना. मी वैतागून म्हणायचे, "अर्धा तास दम धरवत नाही का तुम्हाला? उपास माझा आणि तोंड तुमचं उतरलेलं!" हे नुसते हसायचे.

आमची मैत्रेयी दिल्लीतच वाढलेली. गुडगावला परदेशी कंपनीत नोकरी करते. ती एकदा म्हणाली होती, "मम्मी, संकष्टी म्हणजे आपला करवाचौथ ना?" मी कपाळावर हात मारून घेतला. पण एक खरं, करवाचौथ येतो तो आपल्या अश्विनातल्या संकष्टीलाच. त्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या मिसेस सूद आणि त्यांच्या मैत्रिणी चाळण्या घेऊन गच्चीवर जमायच्या आणि आपल्या वेळेच्या चांगला अर्धा तास आधी आरडाओरडा, "चाँद निकल आया!" मला हाका मारायच्या. मी जायचे नाही. मनात म्हणायचे, तुमचं पंचांग निराळं. आम्ही अश्विन म्हणतो त्याला तुम्ही कार्तिक म्हणता. जिथे महिनाच जुळत नाही तिथे वेळ काय जुळणार? आणि स्वयंपाकघरात जाऊन घड्याळाकडे बघत बसायचे. हसू नका. पुढचं ऐका.

तर त्या रविवारी आम्ही साडेचारला द्वारकेत पोचलो. पाच वाजले, सहा वाजले. सव्वासहाला चौकीदार धापा टाकत वर आला. डीलर गेटवर निरोप देऊन गेला होता, की पार्टीला उशीर होतोय, साडेआठ-नऊपर्यंत नक्की घेऊन येतो, कृपा करून थांबा, सकाळचं त्यांचं विमान आहे. मी भडकले. "आता? अंधारात फ्लॅट बघणार आहेत का चाचपडत?" हे म्हणाले, "बॅटरी आहे आपल्याकडे." झालं. उशीच ती.

घरात मिट्ट काळोख. मेणबत्तीच्या उजेडात रिकाम्या भिंती बघवेनात. सतरंजी, पिशवी, दोन शाली घेऊन आम्ही गच्चीवर गेलो. जिना संपला आणि मी लोखंडी दार ढकललं.

अगं बाई! एवढंच तोंडातून निघालं.

इतकं आभाळ मी किती वर्षांनी बघत होते कोण जाणे. आसपास एक दिवा नव्हता. सेक्टरचे सेक्टर अंधारात बुडालेले. त्या दिवशी वारा सुटला होता, त्याने धूर-धुकं सगळं झाडून नेलेलं. वर चांदण्या इतक्या, की सांडलेल्या साबुदाण्यासारख्या वाटाव्यात. लांब पालमकडे एखादं विमान सावकाश उतरायचं. त्याचा आवाज विरला की नुसती शांतता, आणि रानात कुठेतरी कोल्हेकुई. राजधानीत कोल्हे! मला हसूच आलं.

सतरंजी टाकली. हे आधी बसले, मग चक्क आडवे झाले. मीही थोड्या वेळाने पाठ टेकली. सिमेंट गार होतं, पण शालीत बरं वाटत होतं. पोटात भूक होती आणि तिच्यामुळे डोकं हलकं झालं होतं. माझ्या मनातली ती कायमची खटखट असते ना, गॅस बंद केला का, मैत्रेयी पोचली का, ट्रंकेत डांबरगोळ्या टाकल्या का, ती हळूहळू एकेक करून गप्प होत गेली. किती वेळ गेला कळलं नाही. आपण पडलोय की तरंगतोय, तेही कळेना.

लहानपणी नाशिकला उन्हाळ्यात गच्चीवर झोपायचो तेव्हा वडिलांनी नक्षत्रं शिकवली होती. मला वाटलं होतं, विसरले असेन. पण डोक्यावरचा तो झुबका बघितला आणि जिभेवर नाव आलं, कृत्तिका. तिच्याखाली तांबूस रोहिणी. पूर्वेला मृग, पोटात बाण घुसलेला, अगदी तस्साच. मी बोट करून करून ह्यांना दाखवत होते. खूप दिवसांनी माहेरची माणसं स्टेशनवर उतरावीत तसं झालं होतं मला.

मग मी उत्तरेला मान वळवली. ध्रुव शोधला, सापडला, पण काहीतरी चुकत होतं.

"अहो, हा इतका वर कसा? आमच्या गच्चीवरून तर शेजारच्या चिंचेच्या शेंड्याला टेकलेला असायचा."

"आपण उत्तरेला आलोय ना. जितकं उत्तरेला जावं तितका तो वर दिसतो."

"ध्रुव हलत नाही म्हणतात."

"तो नाही हलला, वैजू. आपण हललो."

सत्तावीस वर्षं मी मनाने नाशिकहून हललेच नव्हते, आणि हा बिचारा ध्रुव माझ्या डोक्यावर कधीचा वर चढून बसला होता. मला एकदम कसंतरी झालं. थंडीचं निमित्त करून मी शाल तोंडावरून ओढून घेतली.

शाल काढली तेव्हा दिल्लीच्या बाजूला काहीतरी पेटलेलं दिसलं. क्षितिजाला नारिंगी कड होती, लालसर. मी ताडकन उठून बसले. "आग लागली बघा कुठेतरी!" ती कड फुगत गेली, गोल होत गेली, एका बाजूने जरा चेपलेली. मग पाण्याच्या टाक्यांच्या मधून सबंध वर आली.

मी ह्यांच्या मनगटावरचं घड्याळ बॅटरीने बघितलं.

"अहो, आता आठ बावीस झालेत."

"हो."

"कॅलेंडरात आठ चोपन्न आहे."

"हो."

"मग हा कोण?"

"चंद्र," हे म्हणाले.

"भलतंच काहीतरी! अजून बत्तीस मिनिटं आहेत."

आणि मी खरोखर ताटावर फडकं झाकून, मांडी घालून, समोर एवढा ढळढळीत चंद्र असताना चंद्रोदयाची वाट बघत बसले. छापलेली वेळ म्हणजे छापलेली वेळ. सरकारी माणसाची बायको आहे मी. पण चंद्र काही खाली जाईना. नारिंगीचा पिवळा झाला, पिवळ्याचा पांढरा व्हायला लागला. गच्चीवर आमच्या सावल्या पडल्या. मला मिसेस सूद आठवल्या. त्यांच्या चाळण्या आठवल्या. मग ह्यांच्या येरझारा आठवल्या, आणि ते आभाळाकडे बघणं. मी हळूच मान वळवली. हे माझ्याकडे बघत नव्हते. शाळेत खोडी पकडली गेलेल्या मुलासारखे खाली बघून सतरंजीचे दोरे ओढत होते.

"तुम्हाला माहीत होतं?"

"कॅलेंडराच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं," हे म्हणाले. "सगळ्या वेळा मुंबईच्या. आपण मुंबईच्या पूर्वेला, शिवाय उत्तरेला. थंडीत इथे चंद्र अर्धा तास आधी उगवतो. उन्हाळ्यात फारसा फरक पडत नाही."

"कधीपासून माहीत होतं?"

"बाहत्तरच्या जानेवारीपासून."

माझ्या डोक्यात सणक गेली. "सव्वीस वर्षं! सव्वीस वर्षं मला उपाशी ठेवलंत? आणि स्वतः पित्ताने तळमळत फिरत होतात? माणूस आहात की कोण आहात?"

"सांगणार होतो," हे म्हणाले. "तेव्हा आपण करोल बागेत गल्लीतल्या खोलीत होतो. ऑफिसातून पुलावरून चालत आलो तर चंद्र चांगला वर आलेला. घरी पोचलो, म्हटलं चल, जेवून घेऊ. तू घड्याळासमोर बसली होतीस. म्हणालीस, आत्ता नाशिकला आईही याच वेळेची वाट बघत असेल. बरोब्बर एकाच मिनिटाला आम्ही दोघी पान घेतो, म्हणून संकष्टीला मला इथे एकटं वाटत नाही. बाकी सगळे दिवस वाटतं." सतरंजीचा दोरा बोटाला गुंडाळत म्हणाले, "मग मी आईंना अर्धा तास आधी कुठून जेवायला बसवणार होतो?"

मी हे बोलले होते? मला आठवेना. आणि मग आठवलं. ती खोली, तो स्टोव्ह, हिरवी काठापदराची साडी, आणि दिवसभर मराठीत एक शब्द ऐकू न आल्याने भणाणलेले कान.

"चौऱ्याऐंशीत आई गेली," मी म्हणाले. आवाज फुटत होता. "त्यानंतर तरी सांगायचं."

"त्यानंतर कसं सांगणार?"

मी रडले. लाज कशाला वाटून घेऊ, चांगली हुंदके देऊन रडले. हे नुसते सरकून जवळ बसले. रडता रडता मध्येच मला आईच डोळ्यांपुढे दिसली. पदर खोचून जिना चढणारी, समोरच्या कौलांवर चंद्र दिसला की तिथूनच ओरडणारी, "पानं घ्या गं!" आई कुठे कॅलेंडर बघायची? तिला वाचायला चष्मा लागायचा आणि तो कधी सापडायचा नाही. ती चंद्र बघायची. म्हणजे मी इथे घड्याळाकडे डोळे लावून बसायचे तेव्हा ती तिथे जिन्यात चंद्र शोधत असायची, आमचं मिनिट कधी जुळलेलंच नसणार! मला हसू फुटलं. रडू आणि हसू दोन्ही एकदम. हे घाबरून माझ्याकडे बघायला लागले.

"काही नाही," मी डोळे पुसले. "एक विचारते. तुम्हाला कुठे राहायचंय?"

"तू म्हणशील—"

"माझं सोडा. तुम्हाला?"

हे वर आभाळाकडे बघायला लागले. "मला इथे राहायचंय," म्हणाले. "ड्रॉ निघाल्यावर एकटाच बघायला आलो होतो. घर अर्धवट होतं. गच्चीवर चढलो आणि संध्याकाळ झाली. जन्मभर दुसऱ्याच्या फायली वाचल्या, म्हटलं, आता हे वाचत बसावं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू विचारलं नाहीस."

खरंच नव्हतं विचारलं. नाशिक नाशिक करताना या माणसाला काय हवंय हे मी एकदाही विचारलं नव्हतं. मला स्वतःची फार लाज वाटली.

मी फडकं काढलं. निरांजन लावलं, वाऱ्याने विझलं, पुन्हा लावलं. खऱ्या चंद्राला अर्घ्य दिलं. तांब्यातल्या धारेतून तो थरथरताना दिसला. आरती दोघांनी म्हटली, हळू आवाजात, कोल्ह्यांना त्रास नको म्हणून. मग मोदक फोडले. गार झाले होते, तरी असे मोदक मी आयुष्यात खाल्ले नव्हते. ह्यांनी पहिला घास घेतला आणि डोळेच मिटले. येरझारा नाहीत, पित्त नाही. मी एक मोदक वाटीखाली झाकून बाजूला ठेवला.

"हा कोणाला?" ह्यांनी विचारलं.

"आहे कोणालातरी. घड्याळ काढून द्या मला."

तेवढ्यात लांबवर दोन दिवे दिसले. कच्च्या रस्त्यावरून वर-खाली होत गाडी येत होती. गेटशी हॉर्न वाजला आणि डीलरचा आवाज आला, "भाईसाब! पार्टी आ गई!"

हे उठले, पण उभेच राहिले. माझ्याकडे बघत होते. चंद्राच्या उजेडात त्यांचा चेहरा मला नीट दिसत होता. नाशिक एकदा माझ्या डोळ्यांपुढून गेलं. खोटं कशाला सांगू, गेलंच.

"जा, नाही म्हणून सांगून या," मी म्हणाले.

"नक्की?"

"लवकर जा हो! ते चार जिने चढून आले तर त्यांनाही मोदक द्यावे लागतील."

हे बॅटरी घेऊन धडधड जिना उतरले. या वयात, पित्ताचा माणूस! मी कठड्याशी गेले. खाली गाडीचे दिवे, डीलरचे हातवारे, आणि मग ह्यांचा आवाज. हा माणूस जन्मात कोणाला नाही म्हणाला नव्हता. चौथ्या मजल्यावर ऐकू येईल असा ठणठणीत म्हणाला, "नहीं जी. बेचना नहीं है. हम यहीं रहेंगे."

मी घड्याळ चंद्राकडे धरून बघितलं. आठ चोपन्न झाले होते. नैऋत्येला गुरू लखलखत होता, नाशिक साधारण त्याच बाजूला. मी तिकडे तोंड करून बसले, वाटी उचलली आणि आईच्या वाटणीचा मोदक सावकाश खाल्ला. चंद्र तोवर टाक्यांच्या चांगला चार बोटं वर आला होता.